संकटकाळातील पतपुरवठा आणि आपला नंदुरबार जिल्हा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण किंवा विवाहातील अनिष्ट रूढी यांपैकी एखादा विषय मी निवडीन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. मी आज बोलणार आहे तो विषय आपल्या दुकानांत आणि घरांत रोज कुजबुजत्या आवाजात चर्चिला जातो. सभेत मात्र त्याचा उच्चार होत नाही. तो विषय म्हणजे कर्ज. व्यवसायावर संकट कोसळले असता बँकेचा पैसा कोणत्या प्रदेशाकडे वळतो, कोणत्या प्रदेशाकडे वळत नाही, आणि असे का होते, याचा विचार आपण मिळून करावा अशी माझी इच्छा आहे.

मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. जुन्या अकरावीपर्यंत शिकून शिक्षकी पेशात शिरलेला आणि सरळव्याजाची उदाहरणे फळ्यावर सोडविण्यात हयात घालविलेला मी एक सामान्य मास्तर आहे. परंतु व्याजाचे गणित ज्यास येते त्यास या विषयाचा अर्धा भाग कळतो. उरलेला अर्धा भाग इतिहास आणि भूगोल यांत आहे.

प्रथम इतिहास पाहू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. त्यामुळे आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि त्या पुराचे पाणी सावकारांच्या व अडत्यांच्या मार्फत कापूस पिकविणाऱ्या मुलखापर्यंत पोहोचले. खानदेश हा त्यांपैकीच एक मुलूख. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील सट्ट्याचा फुगा फुटला. त्या वेळच्या बँक ऑफ बॉम्बेने भागभांडवलाच्या सट्टेबाजीसाठी सढळ हाताने कर्जे दिली होती. ती बुडाली आणि १८६८ साली ती बँक मोडीत निघाली. परंतु मुंबईत त्याच वर्षी दुसरी बँक उभी राहिली. खेड्यांत तसे काही घडले नाही. तेथे सावकाराने हात आखडला व जुन्या रोख्यांवर तगादा लावला. त्या तगाद्याचा एक परिणाम १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील दंग्यांच्या रूपाने दिसला. तेजीमध्ये पैसा राजधानीकडून खेड्याकडे सावकाश येतो आणि मंदीमध्ये खेड्याकडून राजधानीकडे वेगाने परततो, हा धडा आपण या प्रसंगावरून घ्यावयाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जापैकी व्यापारी बँकांनी दिलेला वाटा एक रुपयाहूनही कमी होता, सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन रुपये होता आणि निरनिराळ्या सावकारांचा वाटा जवळजवळ सत्तर रुपये होता. या पाहणीतूनच पुढे १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेची स्थापना झाली. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व आपल्या वऱ्हाडातील अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. सामान्य ठेवीदार हवालदिल झाला आणि त्यातून १९६२ पासून ठेवींच्या विम्याची व्यवस्था अस्तित्वात आली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने असे सुचविले की, पतपुरवठ्याचा विचार जिल्हा हे क्षेत्र धरून करावा. त्यातून प्रत्येक जिल्ह्यास एक अग्रणी बँक नेमून देण्याची योजना डिसेंबर १९६९ मध्ये सुरू झाली. देशाच्या पतव्यवस्थेत जिल्ह्याला स्थान मिळवून देण्याच्या या कार्यात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाचा हात होता, याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा.

आता भूगोलाकडे वळू. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास असून तीत शंभरांपैकी एकोणसत्तर लोक आदिवासी बांधव आहेत. शहरात राहणारे शंभरांत सतरासुद्धा नाहीत. आपली बाजारपेठ मिरचीची, कापसाची, ज्वारीची व उसाची. नवापूरला तूरडाळीच्या गिरण्या आणि कुक्कुटपालन आहे. सुरतेची पेठ रेल्वेने जवळ असून मुंबई व पुणे दूर आहेत. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवितो. परंतु एकाच फलाटाच्या दोन टोकांकडील बँकांच्या कारभाराचा आढावा दोन निराळ्या राज्यस्तरीय समित्या घेतात, हे किती जणांच्या ध्यानात येते? माणूस एका फलाटावरून चार पावलांत पलीकडे जातो. परंतु पत अशी चार पावलांत सीमा ओलांडत नाही.

बँकेच्या भाषेत कर्ज व ठेव यांचे एक गुणोत्तर असते. एखाद्या जिल्ह्यातील लोकांनी बँकेत शंभर रुपये ठेवले आणि बँकेने त्याच जिल्ह्यात चाळीस रुपये कर्जाऊ दिले, तर गुणोत्तर चाळीस झाले. ग्रामीण व निमशहरी शाखांत हे प्रमाण साठ असावे, अशी रिझर्व्ह बँकेची सरकारी बँकांकडून अपेक्षा असते आणि ज्या जिल्ह्यांत ते चाळिसाच्या खाली जाते, तेथे खास उपसमिती नेमून त्याची कारणे शोधण्याची तरतूद आहे. मुंबईत दिलेल्या कर्जाचा आकडा फार मोठा दिसतो. त्यांपैकी काही कर्ज मुंबईत मंजूर होऊन अन्यत्र खर्च होते, कारण मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या तेथे आहेत. न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा मंजुरीची खुर्ची जेथे आहे तेथील माणसाची ओळख मंजूर करणाऱ्यास असते, हे खोटे ठरत नाही.

संकटकाळी हा भेद अधिक तीव्र का होतो, याची मला तीन कारणे दिसतात. पहिले कारण ओळखीचे. लहान व्यवसायाचा ताळेबंद कागदावर नसतो. तो लोकांच्या तोंडी असतो. अमुक शिंपी शब्दाचा पक्का आहे, हे गल्लीस ठाऊक असते. परंतु शाखाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो आणि ही ओळख त्याच्याबरोबर जाते. दुसरे कारण अधिकाराचे. काळ बरा असेल तोवर शाखेत निर्णय होतात. काळ फिरला की प्रकरणे वरच्या कचेरीकडे जाऊ लागतात, आणि ती कचेरी जितकी दूर तितका कागदावरचा विश्वास अधिक व माणसावरचा कमी. तिसरे कारण तारणाचे. गावठाणातील कित्येक घरांस मालमत्तेचा धड उतारा नसे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेमुळे तो आता गावोगाव मिळू लागला आहे. आदिवासी बांधवांच्या जमिनीच्या हस्तांतरावर कायद्याने निर्बंध आहेत. ते त्यांच्या रक्षणासाठी आहेत व ते असलेच पाहिजेत. परंतु म्हणूनच त्या बांधवांच्या धंद्यासाठी तारणावाचून पतपुरवठ्याची निराळी सोय हवी.

आपल्या जिल्ह्याने अशा संकटांचा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ नवापूर परिसरात आढळली. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि भरभराटीस आलेला धंदा काही दिवसांत बसला. रिझर्व्ह बँकेने एप्रिलमध्ये सवलती जाहीर केल्या. थकलेले हप्ते व व्याज यांचे मुदतीच्या कर्जात रूपांतर करावे, ते फेडण्यास तीन वर्षांपर्यंत अवधी द्यावा आणि आरंभी एक वर्षापर्यंत वसुली थांबवावी, असे त्यांचे स्वरूप होते. या सवलती योग्यच होत्या. तथापि ज्याच्या नावावर बँकेचे कर्ज होते त्यालाच त्यांचा लाभ होता. कोंबड्यांचे खाद्य उधार देणारा, पिंजरे बांधणारा किंवा टेंपोने अंडी नेणारा या संकटात तितकाच सापडला होता; परंतु त्याचे नाव कोणत्याही यादीत नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात ही साथ पुन्हा आली, तेव्हा देश आधीच एका मोठ्या साथीशी झुंजत होता.

१४ नोव्हेंबर २०१६ रोजी दुसरा प्रसंग घडला. हजार व पाचशेच्या नोटा चलनातून काढल्यानंतर सहा दिवसांनी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास वा बदलून देण्यास मनाई झाली. त्या बँकांकडे आधीच जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्याची मुभा पुढे जून २०१७ मध्ये मिळाली. या निर्णयाचे गुणदोष मी येथे चर्चीत नाही. परंतु ज्या शहरात दहा व्यापारी बँका आहेत तेथील व्यापाऱ्यास दुसरे दार होते. ज्या खेड्यात सहकारी बँकेचे एकच दार होते, तेथे ते बंद झाल्यावर शेतकऱ्याकडे पैसा नाही, म्हणून कापडवाल्याकडे नाही, म्हणून शिंप्याकडे नाही, अशी साखळी लागली. नियम देशभर एकच होता. त्याचा भार मात्र प्रत्येक प्रदेशावर सारखा पडला नाही.

तिसरा प्रसंग तर आपणां सर्वांच्या अंगावरून गेलेला आहे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. आपल्या शिंपी समाजाच्या धंद्याचे दोन हंगाम असतात: आखाजीच्या आगेमागे लग्नसराई आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. त्या वर्षी आखाजी २६ एप्रिलला आली. लग्ने पुढे ढकलली गेली होती आणि दुकाने बंद होती. जूनमध्ये शाळा भरल्याच नाहीत. वर्षाची कमाई ज्या दोन हंगामांत व्हावयाची ते दोन्ही वाहून गेले. गुजरातेत मजुरीस गेलेले आपले आदिवासी गिऱ्हाईक रिकाम्या हातांनी परतले आणि होळीच्या वेळी उधारीवर दिलेल्या कपड्याचे पैसे अडकून पडले. मुखपट्ट्या शिवून कित्येक घरांनी चूल पेटती ठेवली, हे आपल्या भगिनींचे कर्तृत्व नमूद केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

सरकार व रिझर्व्ह बँक स्वस्थ बसली नव्हती. कर्जाचे हप्ते मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलण्याची मुभा मिळाली. मे महिन्यात तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना जाहीर झाली व पुढे ती रक्कम पाच लाख कोटींपर्यंत वाढविण्यात आली. या योजनेमुळे असंख्य उद्योग तरले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिचे गणित पाहा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर जितके कर्ज होते, त्याच्या वीस टक्के रक्कम त्यास वाढीव मिळावयाची होती. बँकांसाठी व्याज सव्वानऊ टक्क्यांहून अधिक नाही, तारण नाही, संपूर्ण हमी सरकारची.

मी वर्गात घालीत असे तसे एक उदाहरण घालतो. समजा, मुंबईतील एका व्यापाऱ्याचे बँकेतील कर्ज पन्नास लाख होते. त्यास दहा लाख मिळाले. तळोद्यातील एका दुकानदाराचे कर्ज एक लाख होते. त्यास वीस हजार मिळाले. धडगावातील तिसऱ्याने बँकेचे कर्ज कधीच घेतले नव्हते. शून्याचे वीस टक्के शून्यच. यात कोणी कोणावर अन्याय करावा असा हेतू बाळगला, असे मी म्हणत नाही. परंतु मदतीचे माप जर जुन्या कर्जावरून ठरले, तर जेथे पूर्वीपासून पाट आहे तेथेच पाणी जाणार आणि कोरडे शेत कोरडेच राहणार. योजना साऱ्या देशाची असूनही तिचा ओघ प्रदेशाप्रदेशांत भिन्न का राहतो, याचे मर्म या शून्यात आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. दोन शिलाई यंत्रांवर त्याचा प्रपंच चालतो. टाळेबंदी उठल्यावर कापड भरण्यासाठी त्यास तीस हजार रुपये हवे होते. त्याचे बचत खाते बारा वर्षांचे, एकाही दुकानदाराची बाकी त्याच्याकडे नाही. शाखेत त्यास तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली गेली. ती त्याच्यापाशी असणार कोठून? अखेर त्याने दरमहा शेकडा तीनप्रमाणे बाहेरून रक्कम उचलली. वर्षाचे व्याज दहा हजार आठशे रुपये झाले. तेच पैसे सव्वानऊ टक्क्यांनी मिळाले असते तर व्याज दोन हजार सातशे पंचाहत्तर झाले असते. मधले आठ हजार पंचवीस रुपये म्हणजे त्याच्या मुलीचे वर्षाचे शिक्षण होय. बंधूंनो, पतपुरवठ्यातील प्रादेशिक विषमता हा शब्द मोठा आहे. आपल्या घरी त्याचा अर्थ हे आठ हजार पंचवीस रुपये.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. बँकेत असलेला पैसा ठेवीदारांचा आहे, आणि त्या ठेवीदारांत आपल्याच विधवा मावश्या व निवृत्त काका आहेत. कर्ज घेऊन ते बुडविण्याची प्रवृत्ती आपल्या भागात नाही असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकेल काय? पुढे माफी मिळेल या आशेने हप्ता थांबविणारा मनुष्य स्वतःचे भले करतो असे त्यास वाटते. वस्तुतः त्याच्या मागून दारात उभ्या राहणाऱ्या प्रामाणिक अर्जदाराची वाट तो बंद करतो. शाखाधिकाऱ्याच्या मनातील संशय काही अंशी आपल्यापैकीच काहींनी पेरलेला आहे.

म्हणून यापुढे काय करावयाचे? पहिली गोष्ट, पत ही सुकाळात पेरावी लागते. दुष्काळात बियाणे शोधीत हिंडणाऱ्यास पीक येत नाही. गरज नसता कर्ज काढावे, असे मी सांगत नाही. परंतु धंद्याच्या वाढीसाठी माफक कर्ज बँकेतून घ्यावे, वेळेवर फेडावे आणि त्याची नोंद आपल्या नावे होऊ द्यावी. रोजची विक्री वहीत लिहावी व खात्यात भरावी. उद्योगाची शासकीय नोंदणी जुलै २०२० पासून उद्यम या नावाने विनामूल्य होते, ती करून ठेवावी.

दुसरी गोष्ट, आपला हक्क ओळखावा. लहान उद्योगास दहा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच दिली आहे. अर्ज नामंजूर केल्यास कारण लेखी कळवावे, असाही दंडक आहे. तोंडी नकार ऐकून परतू नये. नम्रपणे लेखी उत्तर मागावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व पुढे दोन लाख रुपयांपर्यंत तारणावाचून कर्जाची तरतूद आहे. २०२० च्या जूनमधील पथविक्रेत्यांच्या स्वनिधी योजनेने एक गोष्ट दाखवून दिली आहे. पूर्वीचे कर्ज नसलेल्या माणसाची ओळख नगरपालिकेने पटविली, तर बँक त्यास कर्ज देऊ शकते. म्हणजे खरी अडचण आपल्या गरिबीची नसून आपली ओळख बँकेस नसल्याची आहे.

तिसरी गोष्ट सामुदायिक आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा सल्लागार समिती ठराविक काळाने भरते व जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा तेथे तपासला जातो. आपल्या मंडळाने दरवर्षी तेथे एक निवेदन द्यावे, आणि ते केवळ आपल्या ज्ञातीपुरते नसावे. सुतार, लोहार, चर्मकार, भिल्ल व पावरा बांधवांच्या लहान धंद्यांचीही मागणी त्यात असावी. रिझर्व्ह बँकेने २०२१-२२ पासून अग्रक्रम क्षेत्रासाठी असा नियम केला आहे की, ज्या जिल्ह्यांत दरडोई कर्ज फार कमी आहे, तेथील वाढीव कर्जास बँकेच्या उद्दिष्टात शंभराऐवजी सव्वाशेचे वजन द्यावे. प्रादेशिक विषमता आहे, याची ही खुद्द रिझर्व्ह बँकेची कबुली होय. कबुली वर मिळाली आहे; मागणी खालून झाली पाहिजे.

चौथी व अखेरची सूचना थोडी कडू आहे. आपल्या मंडळाचा निधी दरवर्षी सत्कार, मंडप आणि भोजन यांवर बहुतांशी खर्च होतो. भोजनास माझा विरोध नाही. पंगतीत माणसे जोडली जातात. परंतु त्यातील एक पदार्थ कमी करून त्या पैशांत एखाद्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर मुलास किंवा मुलीस मंडळाने मानधनावर नेमावे. त्या व्यक्तीने आठवड्यातून एक दिवस शहादा, एक दिवस तळोदे, एक दिवस नवापूर असे फिरून आपल्या लहान व्यावसायिकांच्या वह्या लावून द्याव्यात, अर्ज भरून द्यावेत व नकाराची लेखी कारणे गोळा करावीत. ती कारणे हातात घेऊन सल्लागार समितीपुढे उभे राहिलो, तर आपले बोलणे तक्रारीच्या पातळीवर न राहता पुराव्याच्या पातळीवर जाईल. या सूचनेवर आजच्या सभेने ठराव करावा, अशी माझी विनंती आहे.

पुढचे संकट कधी येईल आणि ते अवर्षणाचे असेल, साथीचे असेल की बाजाराचे असेल, हे कोणास सांगता येणार नाही. परंतु ते येईल तेव्हा मदतीच्या मापात आपल्या घरापुढे पुन्हा शून्य लिहिले जाऊ नये, एवढे करणे आपल्या हाती आहे. शून्याच्या डावीकडे एक आकडा लिहिला की त्या शून्यासही किंमत येते, हे मी मुलांना पहिल्या इयत्तेत शिकवीत असे. तो आकडा आपण सुकाळात लिहून ठेवावा, इतकीच माझी प्रार्थना आहे.